बेसी कुठं गेली?

(तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)

मागच्या बैठकीत एक सवाल अर्धाच राह्यला. मोठ्या, गुंतागुंतीच्या कादंबरीला सिनेमा न्याय देऊ शकतो का? एकजण म्हणाला, चारशे पानं दोन तासांत कशी बसवणार? दुसरा म्हणाला, पुस्तकं वाचतंय कोण, सिनेमा निदान बघतात तरी. मग चहा आला आणि सवाल चहात बुडाला. आज तो बाहेर काढायला मी उभा आहे.

मी समीक्षक नाही. सौंदर्यशास्त्र मला कळत नाही आणि कळून घ्यायची घाईही नाही. पण 'न्याय' हा शब्द मला कळतो. कोर्टाच्या बाकड्यावर तारखेची वाट बघत बसून कळलाय. म्हणून कुणी न्याय म्हटलं की मी आधी विचारतो, न्याय कुणाला? पुस्तकाला, लेखकाला, की पुस्तकातल्या माणसाला?

हवेत गप्पा नकोत. एक पुस्तक धरू. रिचर्ड राइटची 'नेटिव्ह सन'. १९४० साली अमेरिकेत आली आणि तीन आठवड्यांत दोन लाखांवर प्रती गेल्या. हीच का, तर तिच्यावर एकदा नाही, तीनदा सिनेमा निघाला. १९५१, १९८६ आणि २०१९. म्हणजे न्याय द्यायची संधी तीनदा मिळाली. दुसरं कारण तुम्हाला ठाऊक आहे. १९७२ साली मुंबईत पोरांनी 'पँथर' हे नाव घेतलं, ते १९६६ साली ओकलंडला निघालेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून. नाव तिकडून घेतलं, तर तिकडच्या माणसाचं दुखणंही वाचलं पाहिजे.

मी ही कादंबरी फाउंटनच्या फुटपाथवरून घेतली. कव्हर फाटलेलं, पानं पिवळी. माझं इंग्रजी बेताचं. डिक्शनरी मांडीवर घेऊन दोन महिने वाचत होतो. सुरुवातच उंदरानं. शिकागोची साउथ साइड, एकच खोली, त्यात आई आणि तीन पोरं. भाडं आठवड्याला आठ डॉलर. खोलीत घुशीएवढा उंदीर शिरलाय. वीस वर्षांचा पोरगा लोखंडी तवा फेकून त्याला मारतो. मी पुस्तक मिटलं आणि आमच्या मोरीकडं बघितलं. आमच्याकडं तवा नाही, पाटा होता. एवढाच फरक.

त्या पोराचं नाव बिगर थॉमस. इंग्रजीत त्या नावाला त्यांचा त्यांचा अर्थ असेल. आपल्या कानाला ते 'बिगर'च ऐकू येतं. बिगर घर, बिगर काम, बिगर नाव.

गोष्ट सांगतो. डाल्टन नावाच्या गोऱ्या करोडपतीकडं बिगरला ड्रायव्हरची नोकरी लागते. हा डाल्टन मोठा दानशूर. काळ्या पोरांच्या क्लबला पिंगपाँगची टेबलं देतो. आणि बिगरच्या आईकडून त्या उंदराच्या खोलीचं भाडं घेणारी कंपनी याच डाल्टनची! एका हातानं भाडं, दुसऱ्या हातानं पिंगपाँग. असे डाल्टन तुम्ही पाह्यलेत. नावं मी घेत नाही.

पहिल्याच रात्री डाल्टनची पोरगी मेरी दारू पिऊन झिंगते. बिगर तिला उचलून तिच्या खोलीत पोचवतो. तेवढ्यात तिची आंधळी आई दारात येते. काळा पोरगा गोऱ्या पोरीच्या खोलीत सापडला तर काय होतं हे बिगरला सांगायला लागत नाही. मेरीनं आवाज करू नये म्हणून तो उशी दाबतो. मेरी मरते. तो प्रेत भट्टीत जाळतो. मग पळापळ, पकड, खटला, खुर्चीची शिक्षा.

आता लांबीचा मुद्दा आधी निकालात काढू. टॉलस्टॉयची 'वॉर अँड पीस' याहून कितीतरी जाड. बोंदार्चुकनं सोविएत रशियात १९६६-६७ साली ती चार भागांत, जवळजवळ सात तासांत पडद्यावर आणली. सरकारनं हजारो सैनिक दिले. म्हणजे पैसा आणि फौज असली की लांबी सुटते. 'नेटिव्ह सन'मध्ये तर उंदरापासून पकडले जाण्यापर्यंतचा मामला मोजक्या दिवसांचा. घटना दोन तासांत आरामात मावतात. तरी सिनेमे फसले. मग अडलं कुठं?

अडलं ते मी वर मुद्दाम गाळलेल्या जागेवर. तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं? बिगरला एक मैत्रीण आहे. बेसी. काळी. गोऱ्यांच्या स्वयंपाकघरात राबते आणि राबणं विसरायला पिते. मेरी मेल्यावर बिगर खंडणी उकळायच्या बेतात बेसीला ओढतो. मग त्याला वाटतं, ही आपल्याला पकडून देईल. सोबत न्यायची सोय नाही, मागं ठेवायची सोय नाही. एका पडक्या इमारतीत तो तिच्यावर जबरदस्ती करतो आणि ती झोपल्यावर विटेनं तिचं डोकं ठेचतो. प्रेत हवेसाठी ठेवलेल्या बोळात फेकतो. पुढं कळतं की ती लगेच मेली नव्हती. थंडीनं गोठून मेली.

मेरीचा खून भीतीतून झाला. तिथवर वाचक बिगरच्या बाजूनं उभा राहू शकतो. बेसीचा खून विचार करून केलेला. इथं वाचकाची बाजू सुटते. आणि राइटला नेमकं हेच करायचं होतं. ही कादंबरी कशी जन्मली यावर त्यानं १९४० सालीच एक लेख लिहिला. त्यात तो सांगतो की त्याचं आधीचं कथांचं पुस्तक वाचून सावकारांच्या पोरी रडल्या, आणि रडून त्यांना बरं वाटलं. तेव्हा त्यानं ठरवलं, पुढचं पुस्तक असं कठीण लिहीन की कुणाला रडून मोकळं होता येणार नाही.

दोस्तहो, इथं माझं म्हणणं आहे. रडणं ही पावती असते. रडलो, हिशेब मिटला, आता घरी जाऊ. राइटनं ती पावती फाडली. आणि सिनेमाचा धंदा पावतीवर चालतो.

बघा, तिन्ही सिनेमांत बेसीचं काय केलं. हॉलीवूडमधल्या एका निर्मात्यानं तर बिगरलाच गोरा करायची कल्पना काढली होती. राइटनं तिकडं पाठ फिरवली. १९५१चा सिनेमा शेवटी अर्जेंटिनात, ब्यूनोस आयर्सला बनवला. दिग्दर्शक फ्रेंच, पिएर शेनाल. बिगरचं काम खुद्द राइटनं केलं. चाळिशी उलटलेला माणूस वीस वर्षांच्या पोराचं काम करतोय. नट नव्हताच तो, हात कुठं ठेवावेत कळत नाही. तरी हिंमत बघा. या सिनेमात बेसीचा खून ठेवलाय, पण बेसी नाइटक्लबातली गायिका झाली. तिच्या हातातलं फडकं काढून माइक दिला! राबणारी बाई पडद्यावर दिसायला बरी नाही ना. वर न्यूयॉर्कच्या सेन्सॉरनं जवळजवळ अर्धा तास छाटला.

१९८६ साली बेसी आहे, पण तिचा खून नाही. ती मधेच गोष्टीतून निघून जाते. २०१९ साली काळ आजचा केला, बिगरचे केस हिरवे केले. तो बेसीचा गळा आवळायला लागतो आणि थांबतो. ती वाचते. खटला नाही. पोलीस बिगरला गोळी घालतात आणि दिवे लागतात. आपण डोळे पुसत बाहेर. पावती मिळाली.

तुम्ही म्हणाल, बेसी वाचली, बरंच झालं की! मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. मग पुस्तकातलं कोर्ट आठवलं. तिथं बेसीचं प्रेत ढकलगाडीवरून आणून सगळ्यांना दाखवतात. कशासाठी? मेरीचं काय झालं असेल याचा नमुना म्हणून. शिक्षा मेरीच्या खुनाची. बेसी फक्त पुरावा. बिगरलाही ते कळतं, की मेल्यावरही हे लोक तिला वापरून घेताहेत. कादंबरी म्हणते, या बाईला दोघांनी मारलं. एकदा तिच्याच माणसानं, एकदा कायद्यानं. सिनेमानं खून पुसला तेव्हा बिगरचा गुन्हा गेला, आणि त्याबरोबर कायद्याचाही गुन्हा गेला. नायक धुऊन निघाला. बेसीचा तिसऱ्यांदा निकाल लागला.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर मीच फसवतोय असं होईल. ज्यांनी हे गाळलं ते सगळे लुच्चे नव्हते. २०१९चा दिग्दर्शक रशीद जॉन्सन काळा, पटकथा लिहिणारी सुझन-लोरी पार्क्सही काळी. त्यांची भीती खोटी नव्हती. पुस्तकात विटेच्या घावाभोवती शेकडो पानं बिगरचं मन आहे. भीती, लाज, थंडी, भूक. पडद्यावर मन दिसत नाही, हात दिसतो. काळा हात, वीट, बाई. गोरा प्रेक्षक म्हणणार, बघा, हे असेच! मित्रांनो, ही भीती आपल्यालाही आहे. वस्तीतल्या बाईला वस्तीतल्याच पुरुषानं मारलं की आपण काय म्हणतो? बाहेर बोलू नका, शत्रू टपलाय. शत्रू टपलाय हे खरंच. पण बोलू नका म्हटलं की बेसी परत बोळात पडते. मी स्वतः गप्प बसलोय. आमच्याच गल्लीत, एकदा नाही. म्हणून हे पुस्तक मला झोंबलं.

मग सिनेमाला हे जमणारच नाही का? राइटला सिनेमाची ताकद माहीत होती. बिगर स्वतः थेटरात जातो. 'ट्रेडर हॉर्न' नावाचा आफ्रिकेवरचा सिनेमा लागलेला. पडद्यावर काळी माणसं उघडी नाचताहेत, आणि बघता बघता त्याच्या डोक्यात त्यांच्या जागी उंची कपड्यातले हसरे गोरे येतात. स्वतःची माणसं डोळ्यांसमोर असून दिसत नाहीत. सिनेमा काय करतो हे याहून कुणी काय सांगावं! गंमत अशी की थेटरातला हा प्रसंगही पुस्तकात जसाच्या तसा आला नव्हता. बुक-ऑफ-द-मंथ क्लबच्या सांगण्यावरून १९४० साली त्यातला भाग बदलला. मूळ मजकूर छापून आला १९९१ साली. माझी फुटपाथवरची प्रत जुनी, म्हणजे मीही छाटलेलंच वाचत होतो. तेव्हा पुस्तक पवित्र आणि सिनेमा बाटगा, अशी सोवळी भाषा मी करणार नाही. कात्री दोन्हीकडं होती. बाजार एकच.

आणि पडद्याला पावती फाडता येते, हे आपण पाह्यलंय. 'फँड्री'चा शेवट आठवा. २०१३चा नागराज मंजुळेंचा सिनेमा. डुकरामागं धावून थकलेला जब्या शेवटी दगड उचलतो आणि फेकतो तो सरळ कॅमेऱ्यावर, आपल्या तोंडावर. थेटरात माझ्या शेजारचा माणूस दचकून मागं सरकला. मीही सरकलो. रडायला फुरसतच मिळाली नाही. तो सिनेमा कुठल्या कादंबरीवरचा नाही, हे खरं. पण राइटला जे हवं होतं ते कॅमेऱ्याला करता येतं, हे त्या एका दगडानं दाखवलं.

म्हणून माझं उत्तर असं. सिनेमा पानं गाळणारच. प्रसंग गाळेल, पात्रं गाळेल, गाळू दे. पण जे सहन होत नाही तेवढंच नेमकं गाळलं, तर ती छाटणी नाही, सेटलमेंट आहे. मोठी कादंबरी पानांनी मोठी होत नाही. आपल्याला आवडणाऱ्या माणसाचा गुन्हाही ती नावानिशी लिहून ठेवते, म्हणून मोठी होते. तेवढं पडद्यावर आलं की दोन तासांतही न्याय होतो. ते नसेल तर सात तास दिले तरी नाही.

पुढच्या वेळी पुस्तकावरचा सिनेमा बघून आलात की नटानं काम कसं केलं हे मला सांगू नका. पुस्तक उघडा आणि पडद्यावर कोण आलं नाही, त्याचं नाव शोधा. ते नाव घेऊन बैठकीला या. चहा मी पाजतो, पण या वेळी सवाल चहात बुडू देणार नाही.