गॅलरीतल्या मुलीची बातमी

आज मी तुम्हांला नॅन रॉबर्टसन या अमेरिकन पत्रकार बाईंबद्दल सांगणार आहे. त्या 1955 साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लागल्या, त्या बायकांच्या पानावर. पुढे 1963 मध्ये त्यांची वॉशिंग्टनला बदली झाली. तिथल्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये मोठमोठ्या पुढाऱ्यांची भाषणं होत. पुरुष पत्रकार खाली टेबलांशी जेवत, प्रश्न विचारत. बायकांना मात्र वर गॅलरीत दाटीवाटीनं उभं केलं जाई. जेवण नाही, प्रश्न विचारायची मुभाही नाही. 1971 मध्ये त्या क्लबनं बायकांना सभासद करून घेतलं.

1981 च्या नोव्हेंबरात रॉबर्टसनबाई टॉक्सिक शॉक सिंड्रोमनं मरता मरता वाचल्या. जंतूंच्या विषामुळे होणारा हा आजार. पाळीत वापरायच्या टॅम्पॉनशी त्याचा संबंध तेव्हा नुकताच उघड झाला होता. बाई तर पंचावन्न वर्षांच्या. आठ बोटांची टोकं कापावी लागली. टाइपरायटरवर जगणाऱ्या बाईची बोटं! त्याच बोटांनी त्या पुन्हा टाइप करायला शिकल्या आणि 1982 मध्ये स्वतःच्या आजारावर लेख लिहिला. केवळ दुःख सांगितलं नाही, तर हा आजार पाळी नसलेल्यांना, पुरुषांनाही होतो, हे डॉक्टरांना विचारून मांडलं. त्या लेखाला 1983 चं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

पण मला जास्त मोलाचं वाटतं ते त्यांचं 1992 चं पुस्तक, ‘द गर्ल्स इन द बाल्कनी’. 1974 मध्ये त्यांच्याच वृत्तपत्रातल्या सात जणींनी पगारातल्या आणि बढतीतल्या भेदभावाविरुद्ध कोर्टात दावा लावला होता. त्यांत बातमीदार होत्या, तशा हिशेब खात्यातल्या नि जाहिरात विभागातल्याही होत्या. 1978 मध्ये तडजोड झाली. त्या सात जणींत रॉबर्टसनबाई नव्हत्या. पण त्यांची लढाई विस्मरणात जाऊ नये म्हणून ती त्यांनी लिहून ठेवली.

मैत्रिणींनो, आपण मोर्चे काढतो, खटले लढतो. दावा कुणी लावला, नोकरीतली बढती कुणी पणाला लावली, हे आपण लिहून ठेवतो का? बक्षीस मिळो न मिळो, पुढच्या मुलींना ती नावं ठाऊक असायला हवीत. ती लिहायची कुणी? आपणच.