दुखणेकरी सशासाठी जागा

घरात कुणाचे ऑपरेशन व्हायचे ठरले, की आपण काय करतो? वाऱ्याच्या जागची खाट आत घेतो, अंथरुण धुऊन उन्हात घालतो, औषधांसाठी फळी मोकळी करतो आणि पोरांना आधीच दटावून ठेवतो. म्हणजे रोगी घरी येण्याआधी त्याची जागा तयार असते. आज मी ज्या रोग्याविषयी बोलणार आहे, त्याच्यासाठी मात्र अशी तयारी फारसे कुणी करीत नाही. हा रोगी म्हणजे ससा. नेमके सांगायचे तर, नसबंदीची शस्त्रक्रिया होऊन घरी आलेली सशाची मादी.

कुणाला हसू येईल. पण खेड्यापाड्यांतल्या शाळांतून, अंगणांतून आता पांढरे ससे पुष्कळ दिसतात. मुलांना त्यांचा लळा असतो. आणि मी काही पशुवैद्य नव्हे; कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस. मला या विषयाचे ज्ञान झाले ते एका चुकीतून, आणि ती चूक एका मुक्या जिवाला भोवली. ती आधी सांगतो.

माझ्या मुलीच्या हट्टासाठी आम्ही बाजारातून दोन ससे आणले. विकणाऱ्याने ‘दोन्ही माद्याच आहेत’ असे छातीठोकपणे सांगितले होते. पुढे एके दिवशी पाहतो, तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात उपटलेल्या केसांचे मऊ घरटे आणि त्यात सहा उघडी, आंधळी पिल्ले! सशाची मादी एकतीस दिवसांच्या सुमारास विते, आणि व्याल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. नर जवळ असला तर हा हिशेब कुठे जाईल, हे शिक्षक मंडळींनी मुलांना फळ्यावर मांडून दाखवावे. पिल्ले ओळखीपाळखीत वाटली आणि मादीची नसबंदी करून घेतली.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुपारी तिला घरी आणले. माझी आई म्हणाली, “अरे, पोट फाडलंय तिचं. आज काही खायला घालू नकोस. पोटाला विसावा दे.” माणसाच्या दुखण्यात लंघनाचा उपाय आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. मलाही ते पटले. तिला तिच्या जुन्या, तारेच्या तळाच्या दुमजली पिंजऱ्यात ठेवले. दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. आम्ही म्हटले, शांत आहे, झोपू दे. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेलेली होती.

डॉक्टरांकडे गेलो. टाके जिथल्या तिथे होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “तिनं शेवटचं खाल्लं केव्हा?” मला उत्तर देता आले नाही. काय करायचे ते त्यांनी कागदावर लिहून दिले होते. तो कागद माझ्या सदऱ्याच्या खिशात तसाच घडी घातलेला निघाला.

मंडळी, येथेच सारी मेख आहे. सशाचे आतडे हे सतत चालणारे जाते आहे. त्यात वैरण पडत राहिली पाहिजे. ते थांबले की पोटात वायू धरतो, वेदना वाढते, वेदनेने भूक मरते आणि भूक मेली की जाते आणखी मंदावते. ससा ओकूही शकत नाही. म्हणून माणसाला शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवतात तसे सशाला ठेवीत नाहीत, आणि शस्त्रक्रियेनंतरही शुद्धीवर येताच त्याने खायला लागावे अशीच खटपट करतात. आमच्या आईची माया खोटी नव्हती. पण माणसाचा नियम सशाला लावला आणि घात झाला.

पुढे घरात दुसरी मादी आली. कापसासारखी म्हणून मुलीने तिचे नाव कापशी ठेवले. तिची वेळ आली, तेव्हा आम्ही आठ दिवस आधीपासून तयारीला लागलो. त्या तयारीची हकीगत आज सांगतो.

प्रथम सशाचा स्वभाव ध्यानात घ्या. आपल्या माळावरचा रानससा आणि हा पाळीव ससा या दोन वेगळ्या जाती. रानससा उघड्यावर, गवतातल्या खळग्यात राहतो. त्याची पिल्ले डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला धरून पाळणे गुन्हा ठरतो. पाळीव ससा मूळचा युरोपातला, जमिनीत बीळ करून राहणारा. दुखले-खुपले की तो बिळात शिरतो. अंधूक उजेड, ओळखीचा वास आणि पाठीशी भिंत एवढे मिळाले, की त्याचा जीव थाऱ्यावर येतो. आपण दुखणेकऱ्याची जागा करायची, ती या बिळाची आठवण ठेवून.

जागा एकमजली हवी. पोटावर मधोमध टाके असतात. उडी मारली, माडीवर चढली, की टाक्यांना ताण बसतो. आम्ही दुमजली पिंजरा माळ्यावर टाकला आणि माजघराच्या कोपऱ्यात सुमारे चार फूट लांब, तीन फूट रुंद जागा जाळीच्या चौकटींनी आडवली. चौकटी तीन फूट उंच घेतल्या, म्हणजे ओलांडायचा मोह नको. एवढ्या जागेत तिला पाय ताणून पडता येते, दोन-चार पावले टाकता येतात, पण धावता येत नाही. शिरायला खोके ठेवण्याचा विचार होता. मुलगी म्हणाली, “बाबा, ती खोक्यावर उडी मारून बसेल ना!” तिचेच खरे होते. मग जाळीच्या एका कोपऱ्यावर जुनी चादर पांघरली. बीळ तयार झाले, आणि चढायला काही उरले नाही.

आता जमीन. तारेचा तळ मुळीच नको. सशाच्या पायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते; तारेने तळवे सोलतात. सारवलेल्या जमिनीविषयी मात्र जपून बोलतो, कारण सारवण आपल्या घराची शोभा आहे. पण शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात आणि ताज्या जखमेला ते चालणार नाही. शहाबादी फरशी गुळगुळीत. तिच्यावर पाय घसरतो आणि पोटाला हिसका बसतो. तेव्हा फरशीवर वर्तमानपत्राच्या घड्या आणि त्यांवर धुतलेली, उन्हात वाळवलेली सुती चादर, असे अंथरुण घालावे. गोणपाट नको, त्याच्या धाग्यांत नखे अडकतात. लाकडाचा भुसा आणि भाताचे तूसही नको, कारण त्यांची धूळ जखमेला चिकटते. चादर कुरतडून गिळायला लागली तर ती काढून नुसते कागद आणि गवत ठेवावे.

मलमूत्रासाठी तिची नेहमीची पेटी असेल तर तीच द्यावी, कारण वासाची ओळख असते. मात्र तिची एक बाजू कापून दोन बोटांइतकी उतरती करावी. उंबरठा ओलांडताना पोट घासता कामा नये. पेटीतले कागद रोज बदलावे. ओल राहिली की माश्या येतात, आणि माश्यांचे भय आपल्या हवेत फार. जखमेवर किंवा घाण झालेल्या केसांत माशीने अंडी घातली, तर एका दिवसात आळ्या होऊ शकतात. आम्ही साऱ्या जागेवर मच्छरदाणी टाकली आणि तिच्या कडा जाळीच्या बाहेरून बांधल्या, म्हणजे कुरतडता येऊ नयेत. मुंग्यांसाठीही सांडलेले दाणे रोज उचलावे. मांजर, कुत्रे आणि उंदीर यांची वाट आधीच बंद करावी.

उष्णतेचे दोन भाग आहेत. गुंगीच्या औषधाने अंग थंड पडते; म्हणून पहिल्या रात्री कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवावी. एकाच बाजूला, म्हणजे नको झाले की तिला सरकता येईल. पूर्ण शुद्ध आल्यावर मात्र आपल्याकडे थंडीपेक्षा उकाडाच वैरी. सशाला घाम येत नाही. जास्तीची उष्णता तो बरीचशी लांबलचक कानांतून बाहेर टाकतो. पारा तीस अंशांच्या वर गेला की त्याला धोका. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही शस्त्रक्रिया टाळता आली तर टाळावी. न टळली तर खिडकीला वाळ्याचा ओला पडदा लावावा, पण अंथरुण कोरडेच राहू द्यावे.

आता अन्न. ते तिच्या तोंडापाशी असावे, चालत जावे लागू नये. मुख्य अन्न वाळलेले गवत. मारवेल, पवना यांसारखे बारीक पानांचे, बुरशी नसलेले. कडब्याची धसकटे नकोत, आणि कोवळी हिरवी ज्वारी तर कधीच नको. तिच्यात विष असते, हे गुरे राखणाऱ्यांना सांगायला नकोच. मन वळवण्यासाठी स्वच्छ हराळी आणि थोडी कोथिंबीर ठेवावी. नवे, अपरिचित खाद्य या दिवसांत देऊ नये. पाणी जड, पसरट मातीच्या भांड्यात द्यावे. बाटलीची सवय असेल तर तीही असू द्यावी.

कापशी संध्याकाळी घरी आली. चादरीच्या आडोशाला जाऊन बसली. आम्ही दिवा मंद केला, रेडिओ बंद केला. आकाशवाणीने मला क्षमा करावी! रात्री नऊ वाजले, दहा वाजले. ती गवताला तोंड लावीना. आईही जागी होती. ती काही बोलली नाही, पण परसातून मूठभर हराळी खुडून, धुऊन घेऊन आली आणि माझ्या हातात दिली. मी ती कापशीच्या नाकापाशी धरली. अकराच्या सुमारास एक काडी हलली. मग दुसरी. त्या कुरकुर आवाजाइतका गोड आवाज मी फार थोडा ऐकला आहे.

सर्वांनाच ही वेळ इतकी सुखाची मिळेल असे नाही. म्हणून पक्का नियम सांगतो: बारा तास ससा खाल्ल्यावाचून राहिला, किंवा लेंड्या पडल्या नाहीत, तर ‘सकाळी पाहू’ म्हणू नये; डॉक्टरांना गाठावे. ससा हा शिकार होणारा प्राणी. दुखते हे तो लपवतो. पाठ कमानीसारखी काढून बसणे, डोळे अर्धे मिटणे, दात करकरा खाणे या त्याच्या वेदनेच्या खुणा आहेत. वेदनाशामक औषध डॉक्टरांनी दिलेलेच, सांगितलेल्या मापाने द्यावे. घरातल्या गोळ्या देऊ नयेत. माणसांना सर्रास दिली जाणारी काही प्रतिजैविके, उदाहरणार्थ अमॉक्सिसिलिन, सशाच्या पोटात गेली तर आतड्यातले उपयोगी जंतू मारतात आणि त्यात ससा दगावू शकतो. जखमेवर हळद, तेल, राख यांपैकी काही लावू नये. दिवसातून दोनदा नुसती पाहावी. लाली वाढली, सूज आली, स्राव दिसला किंवा टाका सुटला, तर डॉक्टरांना दाखवावे.

उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. कान धरून उचलणे हा शुद्ध दुष्टपणा आहे. अधांतरी लाथ झाडली तर सशाचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. शक्यतो उचलूच नये. आपणच शेजारी जमिनीवर बसावे.

जोडीदार असेल तर त्याला जाळीपलीकडे, दिसेल असा ठेवावा. नराचीही शस्त्रक्रिया झाली असेल तर हे विसरू नये, की त्यानंतर काही आठवडे, सहा आठवड्यांपर्यंतसुद्धा, त्याच्यापासून मादी गाभण राहू शकते.

शाळेत ससा असेल तर शिक्षकांनी एक वही करावी. चार रकाने: काय खाल्ले, लेंड्या किती, जखम कशी, वजन किती. वाण्याच्या तराजूवरही वजन होते. आळीपाळीने दोन-दोन मुलांनी नोंद ठेवावी. मुले यातून निरीक्षण शिकतात, आणि दुसऱ्याचे दुखणे मनावर घ्यायलाही शिकतात. दहा ते चौदा दिवसांनी डॉक्टरांनी टाके पाहून होकार दिला, की चौकटी काढाव्यात.

आता कुणी विचारील, इतका खटाटोप कशाला? माणसांना दवाखाना वेळेवर मिळत नाही, तेथे सशाचे कोडकौतुक! प्रश्न रास्त आहे. पण ससा आपण होऊन आपल्या दारी आला नाही. आपण त्याला आणले. आणि ‘जड झाला तर रानात सोडू’ म्हणाल, तर तो रानातला नव्हेच. कुत्र्या-मुंगसांपुढे त्याचा निभाव लागणार नाही. नसबंदी केली नाही तर पिल्लांचा पसारा वाढतो, आणि वयाबरोबर मादीला गर्भाशयाच्या कर्करोगाचे भयही वाढत जाते. म्हणजे शस्त्रक्रिया करवणे हे तिचे हितच आहे. मात्र ते हित दवाखान्याच्या पायरीवर संपत नाही. पुढचे दहा दिवस ते आपल्या माजघराच्या कोपऱ्यात चालू राहते.

कापशी आजही आमच्या घरी आहे. परसात हराळी वाढली की आई ती उपटू देत नाही. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद आता माझ्या खिशात राहत नाही. तो भिंतीवर, सर्वांना दिसेल असा, खिळ्याला लावलेला असतो. आपल्या घरी कुणाही मुक्या जिवाची शस्त्रक्रिया झाली, तर तेवढे तरी करा. आधी कागद वाचा, मग जागा तयार करा आणि नंतरच रोग्याला घरी आणा.