जवळचा दवाखाना

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘माहिती तंत्रज्ञान आणि आपण’ असा विषय दिला होता. मी त्यांना विनंती करून तो बदलून घेतला. संगणकावर बोलणारे आपल्या बॅचमध्ये बरेच आहेत. मला आज माझ्या भावाबद्दल बोलायचं आहे. तो आपल्याला तीन वर्षं ज्युनिअर. गॅदरिंगला माइक बंद पडला की ज्याला वर्गातून बोलावून आणायचे, तो. आता गावात त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, तुमच्यापैकी अनेकांच्या विहिरीवरची मोटार त्याच्या हाताखालून गेली असेल. भाषणाआधी मी त्याला विचारलं, “सांगू का?” तो म्हणाला, “सांग की. गावाला मी पिताना दिसलो. न पिताना दिसलो तर बिघडलं कुठं?”

आमचे वडील २०१९ मध्ये गेले. त्याआधीही भाऊ प्यायचा, पण शनिवारी, मित्रांबरोबर. नंतर रोज प्यायला लागला आणि पुढे सकाळीही. सकाळी हात इतके थरथरायचे की तांब्याची तार धरता यायची नाही. दोन घोट घेतले की थरथर थांबायची, मग काम सुरू. दुकानाचं शटर अर्धं उघडं दिसलं की आई समजून जायची. मी पुण्यात. फोनवर आई म्हणायची, “बरा आहे, जरा दमतो.” मीही ते खरं मानायचे, कारण मला ते खरं हवं होतं.

२०२१ च्या दिवाळीत घरी आले आणि सगळं डोळ्यांनी पाहिलं. मग मी जे मला येतं ते केलं. लॅपटॉप उघडून एक्सेल शीट तयार केली. पुण्या-मुंबईतली तेवीस नावं. शिक्षण, अनुभव, फी, लोकांनी दिलेले तारे, सगळे रकाने भरले. सगळ्यात वरचं नाव निवडलं आणि भावाला पुण्याला नेलं.

डॉक्टर चांगलेच होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आपल्या गावाहून पुणं एसटीने पाच तास. पहिल्या वेळी मी न्यायला आले. दुसऱ्या वेळी तो एकटा आला. तिसऱ्या वेळी साताऱ्याच्या स्टँडवर चहाला उतरला आणि गाडीत परत चढलाच नाही. रात्री साडेनऊला त्याचा फोन आला तेव्हा त्याला तो कुठे आहे हेही धड सांगता येत नव्हतं. माझ्या शीटमध्ये एक रकाना नव्हता : ‘दर आठवड्याला जाता येईल का?’

तो रकाना का नव्हता, हे कबूल करायला मला वेळ लागला. पुण्याचा डॉक्टर मी तो उत्तम म्हणून निवडला असं सगळ्यांना सांगत होते. खरं कारण वेगळं होतं. गावात, तालुक्यात, जिल्ह्यात कोणी बघू नये. सरांच्या ओळखीचे, मामांच्या ओळखीचे, सोयरिकीतले. आमच्या घराची अब्रू मी दोनशे किलोमीटर लांब नेऊन ठेवत होते आणि त्याचं भाडं भाऊ भरत होता.

मधल्या काळात आणखी दोन गोष्टी घडल्या. आईने ‘पेशंटला न कळता दारू सोडवा’ अशी जाहिरात वाचून पावडर मागवली आणि महिनाभर त्याच्या आमटीत घातली. पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नव्हतं. आणि मला एका केंद्राचा पत्ता मिळाला. त्यांनी फोनवर विचारलं, “गाडी पाठवू का? आमची चार माणसं येऊन उचलून नेतील. सहा महिने भेटायचं नाही.” त्या रात्री मी ‘हो’ म्हणण्याच्या फार जवळ आले होते.

मला अडवलं ते आपल्याच वर्गातल्या एकाने. त्याचं गावात औषधाचं दुकान आहे. तो समोर बसलाय, पण त्याने नाव घ्यायचं नाही अशी अट घातली आहे. शाळेच्या दहा वर्षांत आम्ही एकमेकांशी चार वाक्यं बोललो नसू, मुलं त्या बाजूला, मुली या बाजूला. आईच्या बीपीच्या गोळ्या घ्यायला गेले होते. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, “भाऊ कसा आहे?” मी म्हणाले, “बरा आहे, जरा दमतो.” आईचंच वाक्य. तो म्हणाला, “सिव्हिलला दाखवलंस का? मानसोपचाराची ओपीडी असते. तिथल्या चिठ्ठ्या घेऊन माझ्याकडे गावातलीच चौदा घरं येतात. नावं सांगणार नाही. पण तुम्हीच एकटे नाही, एवढं सांगतो.”

चौदा घरं! आणि त्यातलं प्रत्येक घर, आमच्यासारखंच, आपण एकटे आहोत असं समजत होतं.

सिव्हिल हॉस्पिटल आपल्यापासून बत्तीस किलोमीटर. केस पेपर काढला, बाकावर बसलो. समोरच्या बाकावर ओळखीचं एक कुटुंब होतं. त्यांनी मान खाली घातली, आम्हीही घातली. तासाभराने बाहेर चहाच्या गाडीवर पुन्हा समोरासमोर आलो. तेव्हा त्या काकूंनी आईचा हात धरला. दोघी काही बोलल्या नाहीत.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला : “शेवटची दारू कधी घेतली?” मग त्यांनी जे समजावलं ते मी इथे मुद्दाम सांगते, कारण ते सगळ्यांना माहीत असायला हवं. रोज भरपूर पिणाऱ्याने आपल्या मनाने एकदम दारू तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. “देवाची शपथ घे आणि आजपासून बंद कर” हे आपण प्रेमाने सांगतो, पण शरीर शपथ ऐकत नाही. म्हणून त्याला दहा दिवस दाखल करून, औषधांच्या आधाराने दारू उतरवली. पावडरीबद्दल ऐकून ते आईवर रागावले नाहीत. म्हणाले, दारू प्यायली की त्रास होईल असं एक खरं औषध आहे, पण ते पेशंटला सांगून, त्याची संमती घेऊनच देतात. न सांगता दिलं आणि तो वरून प्यायला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं.

दाखल असतानाच कळलं की दारूच्या खाली नैराश्य होतं, वडील गेल्यापासूनचं. आम्ही दोन वर्षं दारूशी भांडत होतो, दुःखाबद्दल कोणी विचारलंच नव्हतं. दोन्हींवर एकत्र उपचार सुरू झाले. नंतर दर आठवड्याला समुपदेशन. पाऊण तासाचा रस्ता. कधी मोटारसायकलवर, कधी एसटीने, आणि दुपारपर्यंत परत दुकानात.

२०२२ च्या गणपतीत, विसर्जनाच्या दिवशी, तो पुन्हा प्यायला. आई कोसळली. मी पुण्याहून फोनवर नको ते बोलले. तो मात्र पुढच्या आठवड्यात समुपदेशकांकडे गेला. त्यांनी “का प्यायलास?” असं विचारलंच नाही. विचारलं, “आदल्या दिवशी काय झालं होतं?” आदल्या दिवशी त्याने आरतीला पहिल्यांदा वडिलांची जागा घेतली होती. हे त्याने आम्हाला सांगितलं नव्हतं. पुण्याला जायचं असतं तर तो त्या आठवड्यात गेलाच नसता, आणि हे कोणाला कळलंही नसतं. त्यानंतरही एकदा घसरला. आता दोन वर्षं झाली. “बरा झाला का?” असं लोक विचारतात. तो म्हणतो, “आज नाही प्यायलो.”

माझ्याबद्दलही एक सांगायचं आहे. समुपदेशकांनी मला कुटुंबाच्या बैठकीला बोलावलं. मला वाटलं, माझं कौतुक होईल. तिथे हिशेब निघाला की त्याची उधारी मीच दरमहा भागवत होते, म्हणजे दारूचा पुरवठा अखंड राहावा याची काळजी मीच घेत होते. त्यानंतर पुण्यात मी स्वतःसाठी, माझ्या घरापासून चालत जाता येईल असा समुपदेशक शोधला. या वेळी शीट केली नाही, फक्त प्रश्न विचारले. तेच तुम्हाला देते.

एक, तुमचं शिक्षण काय? मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनाच्या आजारांचं शिक्षण घेतलेला डॉक्टर, तो औषध देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो क्रमांक मागा. समुपदेशक अशी पाटी लावणाऱ्यांचं शिक्षण फार वेगवेगळं असतं, म्हणून विचारायला लाजू नका. चांगला माणूस रागावत नाही.

दोन, व्यसनाच्या पेशंटबरोबर काम केलं आहे का, आणि घरच्यांना भेटता का?

तीन, दाखल करायचं असेल तर केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे आजारही येतात. त्या कायद्याने पेशंटला साखळीने बांधायला बंदी आहे आणि त्याची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. “गाडी पाठवतो” म्हणणाऱ्यांना हा प्रश्न विचारा. दाखल होणं वाईट असं मी म्हणत नाही, काहींना त्याचीच गरज असते. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतं आहे.

चार, पुढचे सहा महिने, दर आठवड्याला, मला इथे येणं जमेल का? वेळ, पैसे, रस्ता, सगळं धरून.

ज्यांना आज कुठेच जायचं धाडस नाही त्यांनी फोन करावा. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा नंबर, दिवसरात्र, मोफत, मराठीतही बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका अनेक गावांत होतात, तिथे आडनाव विचारत नाहीत, फी घेत नाहीत. कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन आहे. भारत सरकारसाठी एम्सने केलेल्या २०१९ च्या पाहणीत, दारूवर अवलंबून असलेल्या अडतीस माणसांपैकी एकालाच काही उपचार मिळाल्याचं दिसलं. आमचा एक त्या बाजूला गेला. त्यासाठी आम्हाला दीड वर्ष लागलं, त्यातलं निम्मं लपवण्यात गेलं.

शेवटी एक विनंती. आपल्या ग्रुपवर रोज सकाळी सुप्रभातचे चाळीस मेसेज येतात. ते येऊ द्यात. पण आपल्यात डॉक्टर आहेत, औषध दुकानदार आहेत, जिल्हा परिषदेत काम करणारे आहेत. आपण मिळून गावापासून तासाभराच्या आत असलेल्या जागांची एक यादी करू या : कोणत्या दिवशी ओपीडी असते, केस पेपर कुठे काढायचा, बैठक कुठे भरते. प्रत्येक जागा आपल्यापैकी कोणीतरी जाऊन बघितलेली असावी. यादी मी तयार ठेवते, तेवढं मला येतं. ती ग्रुपवर टाकणार नाही. ज्याला हवी त्याने मला किंवा त्या दुकानदाराला एकट्याने फोन करावा. आम्ही “कोणासाठी?” असं विचारणार नाही.

बाई, तुम्ही वर्गात म्हणायचात, शंका आली तर हात वर करा, हसणाऱ्याला मी बघते. शाळा सुटली आणि आमचा हात वर जायचा बंद झाला. आज तीस वर्षांनी मी तो वर केला आहे.