मोठ्या अपघाताचा भार आणि महापालिकेची तिजोरी

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



११ ऑगस्ट २०२३ रोजी तत्कालीन बृहत् बंगळुरू महानगरपालिकेच्या मुख्यालयाच्या आवारातील गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत आग लागली. नऊ अधिकारी-कर्मचारी भाजले आणि त्यांपैकी मुख्य अभियंत्यांचे पुढे उपचारादरम्यान निधन झाले. या घटनेतून लोकवित्ताचा एक दुर्लक्षित प्रश्न पुढे येतो. एकाच दुर्घटनेत अनेक कर्मचारी सापडले, तर त्यांच्या भरपाईचा भार नगरसंस्थेने कसा पेलावा?

कायद्याची चौकट

कामावर असताना, कामामुळे झालेल्या अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी मालकावर टाकणारा कायदा आपल्याकडे १९२३ मध्ये झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली. परंतु मूळ तत्त्व कायम राहिले. कर्मचारी राज्य विमा योजना ज्यांना लागू आहे त्यांना लाभ त्या महामंडळाकडून मिळतो. इतरांचे दायित्व मालकाकडेच राहते. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणले जाते. चाळीस वर्षे वयासाठी हा गुणक १८४.१७ आहे. २०२० मध्ये निश्चित केलेली १५,००० रुपयांची वेतनमर्यादा धरली, तर ही रक्कम १३,८१,२७५ रुपये होते. ती देण्यास एक महिन्याहून अधिक विलंब झाल्यास बारा टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास पन्नास टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो.

मर्यादेपलीकडील विमा

बोट चिरडणे, घसरून हाड मोडणे असे अपघात मोठ्या संस्थेत दरवर्षी साधारण सारख्याच प्रमाणात घडतात. त्यांचा अंदाज बांधता येतो. म्हणून त्यांची तरतूद अर्थसंकल्पातच करणे स्वस्त पडते. त्यांचा विमा उतरवणे म्हणजे आपलाच पैसा विमा कंपनीच्या खर्चासह फिरवून परत घेणे होय. भीती असते ती क्वचित घडणाऱ्या, परंतु एका फटक्यात तिजोरी हलवणाऱ्या घटनेची.

अमेरिकेतील अनेक शहरांनी यावर एक मार्ग स्वीकारला आहे. ठरावीक रकमेपर्यंतचे दावे शहर स्वतः भागवते आणि त्यापुढील नुकसानीचा तेवढा विमा खरेदी करते. यालाच ‘एक्सेस’ विमा म्हणतात. ही मर्यादा प्रत्येक घटनेसाठी ठरवता येते किंवा वर्षभरातील एकूण दाव्यांसाठी. समजा, एखाद्या महापालिकेने प्रत्येक घटनेसाठी ५० लाख रुपयांची मर्यादा ठेवली आणि एका दुर्घटनेत वरील हिशेबातील दहा कामगार दगावले. एकूण भरपाई सुमारे १ कोटी ३८ लाख होईल. पैकी ५० लाख महापालिका देईल आणि ८८ लाखांचा भार विमा कंपनीवर पडेल. मर्यादा जितकी उंच, तितका विमाहप्ता कमी. हे तत्त्व आपल्याला नवे नाही. भारतीय विमा कंपन्याही मोठ्या जोखमीचा काही भाग जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनसारख्या पुनर्विमा संस्थेकडे सोपवतात. नगरसंस्थांनी कामगार भरपाईसाठी असा विमा घेण्याची पद्धत मात्र आपल्याकडे रुळलेली नाही.

पाच महापालिका, एक जोखीम

बंगळुरूत हा विचार आता अधिक निकडीचा झाला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एका महानगरपालिकेच्या जागी बृहत् बंगळुरू प्राधिकरणांतर्गत पाच महापालिका आल्या. कर्मचारीसंख्या विभागली की अपघातखर्चातील वार्षिक चढउतार वाढतो. हा मोठ्या संख्येच्या नियमाचाच परिणाम होय. जो धक्का एकत्रित संस्थेने पचवला असता, तो लहान संस्थेला जड जाईल. म्हणून पाचही महापालिकांनी सामायिक निधी उभारून त्यावर एकत्रित विमा घेणे आर्थिकदृष्ट्या श्रेयस्कर ठरेल.

मात्र त्यापूर्वी कामगारांची मोजदाद हवी. १ मे २०२५ रोजी बंगळुरूतील बारा हजारांहून अधिक पौरकार्मिकांना, म्हणजे सफाई कामगारांना, कायम नियुक्तीची पत्रे मिळाली. त्यांचा मालक कोण, हा वाद मिटला. तरीही नागरी कामांतील कंत्राटी पद्धत संपलेली नाही. संस्थेच्या नित्य कामासाठी नेमलेल्या कंत्राटी कामगाराची भरपाई मुख्य मालकाकडून मागता येते. मुख्य मालकाने ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावयाची असते. ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, त्याचा हप्ता कोणी मोजणार नाही. पण अपघातानंतर त्याचे कुटुंब दारात उभे राहील.

विम्याच्या मर्यादा

काही जोखमी विकत देण्यासाठी नसतात. गटारात उतरून मरण पावलेल्या कामगाराच्या कुटुंबाला द्यावयाची रक्कम सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. बंगळुरूत मलनिःसारणाचे काम महापालिकेकडे नसून १९६४ मध्ये स्थापन झालेल्या पाणीपुरवठा व मलनिःसारण मंडळाकडे आहे. परंतु धडा सर्वांनाच लागू आहे. कायद्याने निषिद्ध असलेल्या कामाचा विमा शोधायचा नसतो, ते काम थांबवायचे असते. शिवाय न्यायालयाच्या एका आदेशाने दायित्व तिप्पट होऊ शकते, हेही यातून दिसते.

पहिल्या ५० लाखांचा भार स्वतःवर ठेवण्याचा लाभ येथेच आहे. छोट्या अपघातांची झळ संस्थेला बसत राहते आणि हातमोजे, अग्निशमन साधने व प्रशिक्षण यांवरील खर्च वाया गेला असे कोणी म्हणू शकत नाही. संपूर्ण विम्याने येणारी बेफिकिरी येथे टळते.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा विमा महापालिकेच्या तिजोरीचे रक्षण करतो; कामगाराचा हक्क त्याहून स्वतंत्र आहे. विमा कंपनीचा धनादेश येवो वा न येवो, मृताच्या वारसांना भरपाई महिन्याच्या आत मिळाली पाहिजे. उत्तम वित्तनियोजनाची कसोटी तीच होय.