नवा कॉम्प्युटर, काळा पडदा



जालना म्हटलं, की स्टील आठवतं, बियाणं आठवतं.
पण सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर जोडणारी हौशी मुलंही इथे आहेत.

बटण दाबलं… पंखा फिरला…
आणि पडदा काळाच!

आधी थांबा.
रॅम डीडीआर ५ असेल, तर पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्ड तिची जुळणी करतो.
त्याला काही मिनिटं लागतात.
घाईत चांगला बोर्डही दुकानात परत नेला जातो. म्हणून थांबा.

तरीही चित्र आलं नाही?
बटण बंद करा. प्लग काढा.
रॅमची पट्टी काढून पुन्हा बसवा.
दाबताना 'टक्' असा आवाज यायला हवा.
तो आला नाही, तर पट्टी नीट बसलेली नाही.

आता एकच पट्टी लावा.
बहुतेक चार खाचांच्या बोर्डांवर, प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत.
पण पुस्तिका बघाच. ती खोक्यात तशीच पडलेली असते!

मग त्याच खाचेत दुसरी पट्टी लावून बघा.
एक चालते, दुसरी नाही?
दोष पट्टीत.
दोन्ही एका खाचेत चालत नाहीत, दुसऱ्या खाचेत चालतात?
संशय मदरबोर्डवर.
पुन्हा सांगते… एका वेळी एकच पट्टी.

काही बोर्डांवर बारीक दिवेही असतात.
'डीरॅम' लिहिलेला दिवा पेटून राहिला, तर रॅमकडे बघा.
'सीपीयू'चा पेटला, तर प्रोसेसरची वेगळी वीजवायर जोडली आहे ना, ते तपासा.
ती हमखास राहून जाते.

आणि दुकानाचं बिल जपून ठेवा.
वॉरंटीसाठी तेच मागतात.