दगडाबरोबर चिठ्ठी हवी

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांच्या खनिज-संग्रह मंडळाचे प्रदर्शन भरले होते. त्या प्रसंगी मंडळाच्या मार्गदर्शक शिक्षकांनी केलेले भाषण.)



शेजारच्या वर्गात टेबलांवर दगड मांडलेले आपण पाहिलेत. काही पालकांनी कौतुक केले. काहींनी स्पष्टच विचारले, "मास्तर, दगड गोळा करून मुलांचे पोट भरणार आहे का?" प्रश्न रास्त आहे. कष्ट करून मुलांना शाळेत धाडणाऱ्या आईबापांना तो विचारण्याचा हक्क आहे. म्हणून मंडळाचे वर्षभराचे काम सांगताना मी त्या प्रश्नाचेही उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे.

प्रथम आपण ज्या जमिनीवर उभे आहोत तिच्याविषयी दोन शब्द. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे भूगर्भातून लाव्हारस बाहेर आला. एकदा नव्हे, अनेकदा. थरावर थर साचले आणि थंड होऊन त्यांचा काळा पाषाण झाला. त्याला आपण बेसाल्ट म्हणतो, आणि या सर्व प्रदेशाला दख्खनचे पठार. आजही या खडकाने सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापलेली आहे. आपले किल्ले याच पाषाणाचे, वेरूळ-अजिंठ्याची लेणी याच पाषाणात कोरलेली, आणि आपल्या घरापुढच्या रस्त्यावरची खडीही याचीच.

लाव्हा थंड होताना त्यातील वायूचे बुडबुडे आत अडकले. भाकरीला पापुद्रा सुटावा तशा लहानमोठ्या पोकळ्या खडकात राहिल्या. पुढे त्यांतून गरम पाणी झिरपले. पाण्यात विरघळलेले घटक पोकळीच्या भिंतीवर हळूहळू बसत गेले आणि त्यांचे स्फटिक तयार झाले. विहीर खणताना किंवा खाणीत सुरुंग लावल्यावर काळ्या दगडाच्या पोटात पांढरे, हिरवट, गुलाबी चकचकीत खडे दिसतात, ते हेच. आपल्याकडे त्या सगळ्यांना सरसकट 'गार' किंवा 'गारगोटी' म्हणतात. खरी गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ. परंतु तिच्याबरोबर स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट अशी कितीतरी भावंडे असतात. यांपैकी पहिली तीन झिओलाइट कुळातली आहेत. क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ मध्ये असा एक दगड तापवला, तेव्हा त्यातून वाफ निघून तो उकळल्यासारखा फसफसला. म्हणून त्याने ग्रीक शब्दांवरून 'उकळणारा दगड' या अर्थाचे हे नाव दिले. या दगडांच्या रचनेत अतिशय सूक्ष्म मार्ग असतात आणि त्यांत पाणी सामावलेले असते. आज कारखान्यात बनवलेले झिओलाइट जड पाणी मृदू करण्यासाठी, कपडे धुण्याच्या पावडरीत आणि खनिज तेलाच्या शुद्धीकरणात वापरले जातात.

आता खेदाची गोष्ट सांगतो. पुणे, नाशिक, जळगाव या भागांतील हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत काचेमागे मानाने बसले आहेत. पुण्याजवळच्या पाषाणच्या टेकडीतील हिरवे अपोफिलाइट संग्राहकांत प्रसिद्ध आहे. वाघोलीच्या खाणींत १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅव्हान्साइट हे गर्द निळे खनिज सापडले. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात त्याचा प्रथम शोध लागला होता आणि १९७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले होते. परंतु वाघोलीसारखे सुंदर नमुने क्वचितच कोठे मिळाले असतील. पांढऱ्या स्टिल्बाइटवर निळे गेंद उमललेले दिसतात. आणि आपल्या मुलांना विचारा, वाघोली कशासाठी प्रसिद्ध आहे? ती गप्प राहतील. दोष मुलांचा नाही. त्यांना कोणी सांगितले नाही.

याहून मोठा खेद दुसरा आहे. बोरघाटातील रेल्वेचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये घाटातून गाडी धावू लागली. डोंगर फोडताना सुंदर झिओलाइट मिळाले आणि ते इंग्लंडमधील संग्रहांत गेले. त्या कामात हजारो मजुरांनी प्राण गमावले. जुन्या संग्रहांतील कित्येक दगडांवर दाता म्हणून साहेबाचे नाव असते आणि स्थळ म्हणून नुसते 'पूना' असते. कोणत्या टेकडीतला, कोणत्या खाणीतला, किती खोल थरातला, याची नोंद नसते. आणि ज्याने पहार मारली त्याचे नाव तर कोठेच नसते. दगड जपला गेला, पण त्याची हकिकत गेली.

म्हणून आमच्या मंडळाचा पहिला नियम असा: चिठ्ठी नसलेला दगड संग्रहात घ्यायचा नाही. चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहायच्या. दगड कोठे मिळाला, केव्हा मिळाला, कशा खडकात होता, तो काय आहे असे आपल्याला वाटते आणि का वाटते, आणि तो कोणी शोधला. दगड कितीही सुंदर असला तरी या पाच ओळींशिवाय तो शोभेची वस्तू आहे. या ओळी असल्या की साध्या दगडाचाही पुरावा होतो. ज्या खाणी आज बुजवल्या जात आहेत, ज्यांच्यावर इमारती उभ्या राहत आहेत, त्यांच्याविषयी पुढच्या पिढीला जे कळेल ते अशा चिठ्ठ्यांवरूनच कळेल.

नाव ओळखण्याच्या कामी आम्ही महागडी उपकरणे वापरली नाहीत. मोह्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८१२ मध्ये कठीणपणाची १ ते १० अशी श्रेणी मांडली. शंखजिरे १, हिरा १०. आपले नख सुमारे २.५, तांब्याची तार सुमारे ३, चाकूचे पाते सुमारे ५.५ आणि गारगोटी ७. चाकूने ओरखडा उठला तर ती गारगोटी नव्हे, एवढे सातवीतली मुलगीही आता ठामपणे सांगते. कॅल्साइटवर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की फेस येतो. स्टिल्बाइटचे स्फटिक मध्ये बांधलेल्या पेंढीसारखे दोन्ही टोकांना पसरतात आणि त्यांना मोत्यासारखी झाक असते. स्कोलेसाइट सुयांच्या झुपक्यासारखे दिसते. पाहण्याची सवय लागली की डोळे आपोआप तीक्ष्ण होतात.

तिसरी परीक्षा वजनाची. दगड ताणकाट्याला दोऱ्याने टांगून हवेत तोलायचा, मग पाण्यात बुडवून तोलायचा. समजा हवेत ५३ ग्रॅम भरला आणि पाण्यात ३३ ग्रॅम. घट २० ग्रॅम. ५३ ला २० ने भागले की २.६५ येतात. हे गारगोटीचे विशिष्ट गुरुत्व. स्टिल्बाइटचे सुमारे २.२ येते. मुलांना मी मुद्दाम सांगितले की, हा हिशेब काही कालपरवाचा नाही. अल-बिरूनी या विद्वानाचा काळ इ.स. ९७३ ते १०४८. त्याने शंकूच्या आकाराचे, बाजूला नळी असलेले भांडे वापरले. त्यात दगड टाकला की जेवढे पाणी नळीतून बाहेर पडे, ते तो तोलून पाही. अशा रीतीने त्याने अनेक रत्नांचे आणि धातूंचे गुरुत्व काढले आणि रत्नांवर 'किताब अल-जमाहिर' हा ग्रंथ लिहिला. पुढे १२५३ मध्ये निधन पावलेल्या अल-तिफाशीने २५ रत्नांची माहिती देणारा ग्रंथ अरबीत रचला. ही नावे मी अभिमानाने छाती फुगवण्यासाठी घेत नाही. पूर्वजांनी दगड तोलला म्हणून आपल्याला तोलता येत नाही. काटा आपल्याच हातात धरावा लागतो.

आपल्यापैकी अनेकांच्या बोटात अकीकाची अंगठी आहे. ती कोणी श्रद्धेने घालतो, कोणी हौसेने. त्या श्रद्धेविषयी बोलण्याचे हे स्थळ नव्हे. पण त्या खड्यामागचे हात आपल्याला ठाऊक असावेत. गुजरातेत भरुचजवळ रतनपूरच्या खाणींतून अकीक निघतो आणि खंभातच्या कारागिरांच्या हातून त्याचे मणी व खडे होतात. हा हुन्नर हजारो वर्षांचा आहे. लोथल येथे हडप्पा काळातील मणी बनवण्याची जागा सापडली आहे. मळकट पिवळा दगड तापवला की त्यातील लोहाचा रंग लाल होतो, हे ज्ञान त्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. पण अकीक म्हणजे सिलिका. तो घासताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस हा रोग जडतो. त्यावर बरे करणारे औषध नाही. क्षयाचा धोकाही वाढतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कामगारांचा अभ्यास केलेला आहे. घराघरांतून चालणाऱ्या या कामात बायकामुलांच्या श्वासातही ती धूळ जाते. म्हणून आमच्या मंडळात कोणीही कोरडा दगड घासत नाही. फोडताना डोळ्यांना चष्मा लागतोच. चकाकणाऱ्या खड्याची किंमत कोणीतरी छातीने मोजलेली असते, हेही आमच्या मुलांच्या शिक्षणात आले पाहिजे.

सहलींविषयी थोडक्यात सांगतो. आम्ही खाणीत जातो ते मालकाची परवानगी घेऊन आणि सुरुंगाचे काम बंद असताना. पावसानंतर सुटलेल्या कड्याखाली कोणी उभे राहत नाही. लेणी, किल्ले, अभयारण्ये येथील खडाही उचलत नाही. लोणारला गेलो तरी फक्त वहीत लिहून परत येऊ. बहुतेक दगड टाकाऊ ढिगातून मिळतात. सुरुवातीला मुलींना पाठवायला काही घरे तयार नव्हती. शिक्षिका बरोबर येऊ लागल्या आणि तो प्रश्न सुटला. आज आमच्या नोंदवहीतील सर्वांत नेटक्या नोंदी मुलींच्या आहेत.

यंदा मंडळापुढे एक पेच पडला. आमच्याकडे हिरव्या अपोफिलाइटचा एक फार सुरेख तुकडा आहे. आमच्याच एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी, ते खाणीत मजुरी करतात, मालकाला विचारून तो शाळेला दिला. एका व्यापाऱ्याने तो पाहिला आणि चांगली रक्कम देऊ केली. बैठकीत दोन तट पडले. एक म्हणे, विकू या, सूक्ष्मदर्शक येईल, त्यातून शंभर दगड पाहता येतील. दुसरा म्हणे, भेट मिळालेली वस्तू विकायची कशी? दोन्ही बाजूंत तथ्य होते. मी मत दिले नाही. शेवटी एका मुलीने विचारले, "ज्यांनी दिला त्यांना कोणी विचारले का?" मग मुले त्यांच्या घरी गेली. ते म्हणाले, "विकायचाच असता तर मालकाला सांगून तेव्हाच विकला असता. शाळेत ठेवा. माझा पोरगा त्याचे नाव सांगतो, तेवढे मला पुरे आहे." दगड विकला गेला नाही. आज प्रदर्शनात तो मधल्या टेबलावर आहे. त्याच्या चिठ्ठीवर पाचव्या ओळीत त्या गृहस्थांचे नाव त्यांच्या मुलाच्या अक्षरात लिहिलेले आहे. जाताना ते जरूर वाचा.

आता पालकांच्या प्रश्नाकडे येतो. दगड गोळा करून पोट भरत नाही, हे खरे. परंतु नीट पाहणे, मोजणे, पडताळणे आणि खरे तेच लिहिणे ही सवय लागलेल्या मुलाला उपाशी राहावे लागेल असे मला वाटत नाही. भूगर्भशास्त्राच्या पदवीला जाणारी मुले आपल्या वस्तीत फार थोडी आहेत. विहिरीचे पाणी, धरणाचा पाया, बोगदे, खाणी ही सर्व कामे त्या शास्त्रावर चालतात. पिढ्यान्‌पिढ्या जे दगड फोडत आले, त्यांच्या मुलांनी त्या दगडाचे शास्त्र शिकू नये काय?

आणि एकत्र जमून केलेल्या छंदाला कमी लेखू नका. १८८३ मध्ये मुंबईत आठ हौशी माणसे एकत्र आली. आपापले नमुने एकमेकांना दाखवावेत, टिपणे वाचावीत, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन आपले लोक होते. त्यातूनच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी उभी राहिली. आमचे मंडळ तेवढे मोठे होईल असे मी म्हणत नाही. पण सुरुवात अशीच होते.

विश्वस्तांकडे मागणे एकच आहे. आमचे दगड खोक्यांत आहेत आणि चिठ्ठ्यांना वाळवी लागते. कुलूप लागणारे एक काचेचे कपाट द्यावे. दगड वाळवी खात नाही. कपाट आम्हाला चिठ्ठ्यांसाठी हवे आहे. पालकांनी विहीर खणताना, पाया घेताना काही वेगळे दिसले तर मुलांच्या हाती द्यावे आणि जागा नीट सांगावी. विद्यार्थ्यांनो, तुम्ही ती जागा त्याच दिवशी लिहा. उद्यावर टाकू नका.