बाईंचं स्टूल

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'आयटी क्षेत्रातील संधी' असा विषय दिला होता. आपण सगळे पंचेचाळिशीच्या अल्याडपल्याड आलो, आता कसल्या संधी सांगायच्या? म्हणून विषय बदलून घेतला. मी पायांबद्दल बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. बॅचमधले जे डॉक्टर समोर बसलेत, त्यांनी माझं चुकेल तिथे खुशाल हात वर करावा.

पहिल्या रांगेत आपल्या जीवशास्त्राच्या बाई बसल्यात. त्यांच्या पुढ्यात स्टूल आहे आणि स्टूलावर त्यांचा डावा पाय. सकाळपासून तीन जणांनी ते 'मध्ये येतंय' म्हणून उचलायचा प्रयत्न केला. ते तिथेच राहू द्या. बाई, तुम्हीही पाय खाली घेऊ नका. त्यांच्या पायाचं सांगायची परवानगी मी घेतली आहे. "सांग, पण आकृतीसकट सांग," एवढीच त्यांची अट.

आकृती आठवते ना? रोहिणी तांबड्या खडूने, नीला निळ्या खडूने. वर्गात या दोन्ही नावांच्या मुली असल्यामुळे तो धडा आपण कधी गंभीरपणे ऐकलाच नाही. हृदय रक्त खाली ढकलतं हे कळलं होतं. पण पायातलं रक्त वर कोण चढवतं? पोटरी. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, आतली शीर पिळली जाते, रक्त वर सरकतं आणि शिरेतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. पादुआच्या फॅब्रिशियस यांनी 1603 साली या झडपांचं वर्णन छापलं. त्या कशासाठी असतात ते उमगलं त्यांचा विद्यार्थी विल्यम हार्वे याला, आणि 1628 साली त्याने रक्ताभिसरणावरचं पुस्तक काढलं. गुरूने दाखवावं आणि शिष्याला पंचवीस वर्षांनी कळावं, हे आपल्याच बॅचला होतं असं नाही.

ज्यांच्याकडे शेती आहे त्यांना फूटव्हॉल्व्ह माहीत आहे. विहिरीतला फूटव्हॉल्व्ह गळायला लागला की मोटर बंद होताच पाइपातलं पाणी खाली उतरतं. पायाच्या शिरांचं तसंच होतं. नुसतं उभं राहिलं की घोट्याजवळच्या शिरेतला दाब साधारण 90 मिलिमीटरपर्यंत जातो. चालायला लागलं की तो 30 च्या आसपास किंवा त्याखाली येतो. झडपा गळक्या झाल्या की चालूनही तो पुरेसा उतरत नाही. शीर फुगते, नागमोडी होते. यालाच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात.

बाईंनी तेहेतीस वर्षं उभ्याने शिकवलं. खुर्ची असायची, पण खुर्चीत बसून शिकवणारा मास्तर आळशी, असा तेव्हाचा समज. बाईंच्या आईलाही हा त्रास होता, त्यात दोन बाळंतपणं. संध्याकाळी पाय जड व्हायचे, सुजायचे, रात्री पोटरीत गोळे यायचे. साडीच्या आत कोण बघतंय? मग घोट्यावरची कातडी तपकिरी झाली. शिरेतल्या दाबाने तांबड्या पेशी बाहेर झिरपतात आणि त्यांतलं लोह कातडीत साठतं, त्याचा तो रंग. खाज सुटली, तर घरात असतील नसतील ती सगळी मलमं लावून झाली. शेवटी दाराचा कोपरा लागल्याचं निमित्त झालं आणि घोट्याच्या आतल्या बाजूला जखम झाली. ती दोन वर्षं भरली नाही. हळद झाली, अँटिबायोटिक झाली. मधुमेह नाही, तरी लोक म्हणायचे साखर तपासा.

जखम भरेना, कारण सगळे कातडीवर उपचार करत होते आणि बिघाड शिरेत होता. कलर डॉप्लर सोनोग्राफी केली तेव्हा गळती कुठे आहे ते दिसलं. आधी पायाला रोहिणीतून रक्त नीट पोचतंय ना, हे तपासलं. हे फार महत्त्वाचं, कारण ते पोचत नसेल तर घट्ट पट्टीने पाय धोक्यात येतो. मग थरांचं दाबाचं बँडेज, आणि लेझरने ती शीर आतून बंद केली. बंद केली तर रक्त जाणार कुठून, हा प्रश्न मी बाईंना विचारला. "नापास," म्हणाल्या. पायातलं बहुतेक रक्त खोलवरच्या शिरांतूनच जातं. वरची शीर नसली तरी निभावतं. जखम चार महिन्यांत भरली. पाय वर ठेवणं आणि दाबाचे मोजे घालणं मात्र चालूच आहे.

आता त्या खोलवरच्या शिरांचं. ही माझी गोष्ट आहे आणि मैत्रिणींनो, ती मुख्यतः तुमच्यासाठी आहे.

दोन वर्षांपूर्वी गौरी-गणपतीच्या वेळी मी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या. डॉक्टरांना न विचारता, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून. आपल्यातल्या किती जणींनी घेतल्यात, हात वर करायला सांगत नाही. त्याच आठवड्यात आमचं रिलीज होतं. दिवसाला बारा-चौदा तास खुर्चीत. डावी पोटरी दुखायला लागली. गोळा आला असेल म्हणून तेल लावून चोळली. डावा पाय उजव्यापेक्षा जाड दिसत होता, तेही मला दिसलं होतं. चौथ्या दिवशी एक जिना चढताना धाप लागली, छातीत कळ आली. पोटरीतल्या खोल शिरेत झालेल्या गुठळीचे तुकडे दोन्ही फुप्फुसांत जाऊन अडकले होते. गौरी जेवल्या तेव्हा मी आयसीयूत होते.

गोळीमुळेच झालं असं कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. पण या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो, तासन् तास बसण्याने वाढतो, आणि माझ्या आत्याला बाळंतपणानंतर गुठळी झाली होती, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. 2003 साली न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी एका बत्तीस वर्षांच्या माणसाची हकीकत प्रसिद्ध केली होती. तो रोज बारा बारा तास, कधी अठरा तास संगणकासमोर बसायचा आणि अशाच गुठळीने मरता मरता वाचला. वीस वर्षं या धंद्यात राहून ती मी पहिल्यांदा वाचली रुग्णालयाच्या खाटेवर. रक्त पातळ करणारं औषध मला सहा महिने घ्यावं लागलं. आता सासूबाईच म्हणतात, "गोळी नको, आरती दुसरं कुणीतरी करील."

तेव्हा एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. ऑपरेशननंतर, प्लास्टरमध्ये, बाळंतपणानंतर, लांबच्या प्रवासानंतर तर नक्कीच. सोबत धाप लागली किंवा थुंकीतून रक्त पडलं तर थेट रुग्णालय. आणि ज्यांच्या शिरा फुगलेल्या आहेत त्यांनी हेही ऐका: अशी शीर कधी फुटते, रक्ताची चिळकांडी उडते. घाबरून वर दोरी आवळू नका. आडवं व्हा, पाय उंच करा, जागेवर स्वच्छ कापड दाबून धरा आणि मदत बोलवा. अशा रक्तस्रावाने माणसं दगावली आहेत.

केरळमध्ये साड्यांच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका बसायला मिळावं म्हणून लढल्या आणि 2018 साली तिथे कायदा बदलला. तमिळनाडूनेही 2021 मध्ये तसंच केलं. मुख्याध्यापक मॅडम समोर आहेत म्हणून विचारते, वर्गांत उंच खुर्च्या ठेवता येतील का? आमची बॅच वर्गणी काढेल. खजिनदार मान हलवतायत, कुठल्या दिशेने ते नंतर बघू.

आता जेवण आहे, आणि तेही उभ्याने, बुफे. भिंतीलगत खुर्च्या मांडायला लावल्यात. ज्यांना रात्रीच्या गाडीने पुण्या-मुंबईला परतायचंय, त्यांनी गाडीत अधूनमधून टाचा वर-खाली करत राहा, वाटेत उतरून चाला. तुम्ही सगळे पंचवीस मिनिटं हालला नाहीत. उठा बघू. टाचा वर, खाली. वर, खाली. बाई, तुम्ही नाही. तुम्ही फक्त मोजा.